डावा आपोआप, उजवा मुद्दाम

मी त्याला डोळा मारला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

दुपारची वेळ होती. बाहेर बारीक पाऊस, दुकानात मी एकटी. म्हणजे बाबा मागे काचा घासायच्या मशीनवर होते, पण ते मशीन सुरू असलं की बाबा असून नसल्यासारखेच. आमचं चष्म्यांचं दुकान आहे. बाबा काचा करतात, मी फ्रेमा लोकांच्या नाकाकानांवर बसवते. हा आत आला तो ओला चष्मा शर्टाच्या टोकाने पुसत पुसत. शर्टाने काचा पुसणारा माणूस माझ्या डोक्यातच जातो.

"शर्टाने नका पुसू, चरे पडतात," मी म्हटलं.

"पडलेत आधीच. आता नुसतं सवयीने पुसतोय."

मी त्याला आरशासमोर खुर्चीत बसवलं. चष्मा एका बाजूला चांगलाच कलत होता. अशा वेळी लोक फ्रेमला नावं ठेवतात, पण दोष बहुतेकदा कानांचा असतो. मी त्याचे केस बाजूला करून पाहिलं.

"तुमचा डावा कान जरा खाली आहे."

"म्हणजे चष्मा सरळ आहे, मीच वाकडा आहे?"

"सगळ्यांचेच कान खालीवर असतात हो. तुमचा जरा जास्त आहे, एवढंच."

"शाळेत मास्तर नेहमी हाच पिळायचे," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "मी तेव्हाच सांगत होतो, आलटून पालटून पिळा."

मला हसू आलं. दुकानदारीचं नाही, आतून आलं. माझे दोन्ही हात त्याच्या कानांमागे, चेहरा वीतभर अंतरावर… आणि मी खळखळून हसले. त्याबरोबर माझा डावा डोळा टपकन मिटला.

माझ्या बोटांखाली त्याचे कान तापले, खोटं नाही सांगत. त्याने एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग सगळा धीर गोळा करून… त्यानेही डोळा मारला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय हो? नक्कल करता माझी?"

"नक्कल? अहो नाही… तुम्हीच आधी…"

"उठा. उठा म्हणते ना! हा घ्या चष्मा."

"एकच बाजू वाकवलीय अजून…"

"तशीच राहू दे!"

तो गेला. मागचं मशीन थांबलं आणि बाबांनी पडद्यातून डोकं बाहेर काढलं. "गेलं वाटतं गिऱ्हाईक," ते म्हणाले आणि पुन्हा काचांकडे वळले. माझ्या नाकावरचा राग त्यांना लहानपणापासून पाठ आहे.

आता माझ्या डोळ्याचं सांगते. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चूळ भरायला गेले, तर पाणी डाव्या कोपऱ्यातून आपलं आपण सांडायला लागलं. आरशात बघते तर अर्धा चेहरा लोंबलेला. चेहऱ्याची नस सुजली होती. मी रडले, आत्या माझ्याहून जास्त रडली. मग औषधं झाली, व्यायाम झाले आणि हळूहळू चेहरा जागेवर आला. जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत हे नवीन लचांड मागे लागलं. हसले, की डावा डोळा मिटायचा. माझी परवानगी न घेता.

ओळखीची गिऱ्हाइकं समजून घेत. नवीन लोकांचा मात्र घोळ व्हायचा. एका बाईंनी तर भर दुकानात बाबांना सुनावलं, तुमची मुलगी आमच्या ह्यांना डोळे मारते म्हणून. ह्यांचं वय सत्तरीच्या घरातलं. तेव्हापासून मी हसणंच बंद केलं होतं. ओठ मिटून जेवढं हसता येतं तेवढंच. आणि या वाकड्या कानाने ते एका वाक्यात मोडून टाकलं, वर नक्कलही केली. त्याच आठवड्यात मी डॉक्टरांकडे गेले.

"इंजेक्शनने डोळा शांत होईल," डॉक्टर म्हणाले. "पण आधी नसेची तपासणी करून घ्या. खाली खोली आहे."

मी खाली गेले. दार ढकललं. आत एक मशीन, एक खाट, आणि मशीनपाशी पांढऱ्या कोटात तो. चष्मा एका बाजूला कललेला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं कुणाला जास्त वाटलं ते सांगता येणार नाही. तो खुर्चीतून उठला, परत बसला, परत उठला.

"तुम्ही…?"

"तपासणीला आलेय. दुसरं कुणी नाही का?"

"नेहमीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर आहेत. त्यांच्या जागी मी आहे… बसा ना. प्लीज."

त्याने कागद वाचला. वाचता वाचता त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. कापसाने माझी भुवई पुसली, गाल पुसला, डोळ्याखाली आणि ओठांच्या कोपऱ्यापाशी गार चकत्या चिकटवल्या. हात मात्र अजिबात कापत नव्हते. कामातला माणूस असतो तसे हात.

"भुवया वर करा. गाल फुगवा. दात दाखवा."

मी दात दाखवले. डोळा मिटला.

"आता भुवईवर एक बारीक झटका देणार आहे. टिचकी मारल्यासारखं वाटेल." टक्. माझे डोळे मिचकले. पडद्यावर एक रेषा उडाली आणि तिच्या खालोखाल दुसरीही. तो त्या दुसऱ्या रेषेकडे बघत राहिला.

"ही खालची ओठांची आहे," तो हळू म्हणाला. "झटका डोळ्यासाठी होता. ओठांनी गप्प बसायला हवं होतं."

"म्हणजे?"

"तुमची नस सुजून तुटली, मग पुन्हा वाढली. अगदी सावकाश वाढते, दिवसाला मिलिमीटरभर. पण वाढताना काही धागे वाट चुकले. तोंडाकडे जायचे ते डोळ्याकडे गेले, डोळ्याचे तोंडाकडे. मेंदू हुकूम सोडतो 'हस' म्हणून, तो दोन्हीकडे पोचतो. म्हणून त्या दिवशी…"

"हो. म्हणूनच त्या दिवशी."

त्याने कपाळाला हात लावला. "अरे देवा. मी रोज हेच बघतो हो! दिवसभर हेच करतो! असा माणूस दुकानात बसलेला ओळखू आला नाही मला. मला वाटलं… जाऊ दे."

"काय वाटलं?"

"काही नाही. मी नक्कल नव्हतो करत. मला खरंच वाटलं की तुम्ही डोळा मारलात. आणि उत्तर नाही दिलं तर उद्धटपणा होईल, असंही वाटलं."

मला फिस्सकन हसू फुटलं. डोळा मिटला, पडद्यावर सगळ्या रेषा नाचल्या. तोही हसला. मग मला म्हणाला, "स्नायूला बिचाऱ्याला काही माहीत नसतं. हुकूम आला की ओढायचं. त्याला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही."

"ओढतो म्हणजे आखडून लहान होतो ना?"

"हे बघा." त्याने दोन्ही हातांची बोटं एकमेकांसमोर धरली, टोकं तेवढी एकमेकांत अडकवली. "आत असे बारीक धागे असतात, जाड आणि पातळ. हुकूम आला की जाड धागे पातळ धाग्यांना धरून आत ओढतात." त्याची बोटं सरकत गेली, तळवे जवळ आले. "बघा, बोटं होती तेवढीच लांब आहेत. फक्त एकमेकांत सरकली. तरी पूर्ण स्नायू आखूड झाला."

मी त्या बोटांकडे जरा जास्तच वेळ बघितलं असावं. त्याने पटकन हात सोडवले आणि माझ्या गालावरच्या चकत्या काढायला घेतल्या.

"आता कळलं मला," तो मशीनकडे बघत म्हणाला. "ते माझ्यासाठी नव्हतं. माफ करा."

मला बरं वाटायला हवं होतं. गैरसमज मिटला, माणूस सज्जन निघाला. पण जिना चढताना मी मनात त्याला शिव्या घालत होते, आणि कशाबद्दल ते माझं मलाच कळत नव्हतं.

दोन दिवसांनी तो चष्म्याची दुसरी बाजू वाकवून घ्यायला दुकानात आला. पुढच्या आठवड्यात नाकावरच्या गाद्या टोचतात म्हणून आला. त्यानंतर काडीचा स्क्रू सैल झाला म्हणून.

"या माणसाचा स्क्रू सारखा सैल कसा होतो?" बाबा म्हणाले.

"त्याचा नसेल," आत्या बसल्या जागेवरून म्हणाली. ती दुपारी दुकानात येऊन बसते, वेळ जात नाही म्हणून. "आपल्या ठमीचा बघा."

"आत्या, गप्प बस ग!"

पण खरं सांगायचं तर तो येणार असला की मी सकाळपासून काउंटर तीनतीनदा पुसायचे. तो आला की बोलणं संपायचं नाही. मी त्याला कानांच्या तऱ्हा सांगायचे, तो मला स्नायूंच्या. एकदा तो म्हणाला, ओढलेला स्नायू सोडायलाही शरीराला ताकद खर्चावी लागते, फुकट नाही सुटत. मी म्हटलं, मग आमच्या आत्याची जीभ कधीच का थकत नाही? तो इतका हसला, की चष्मा नाकावरून घसरला. मीही हसले. डोळा मिटला.

आणि इथेच माशी शिंकायची. माझा डोळा मिटला रे मिटला, की तो शहाण्या माणसासारखा नजर बाजूला घ्यायचा. "थकलात का तुम्ही? थकवा आला की जास्त होतं ते," म्हणायचा. मी आरशासमोर केस सारखे करून बसलेली असायचे, आणि हा मला थकवा विचारायचा! मी त्याच्याकडे बघून मनापासून हसावं आणि त्याने ते नसेच्या खात्यात टाकावं. आता काय कपाळावर लिहून ठेवू, की हे नसेचं नाही, माझं आहे?

एक दिवस तो स्क्रू न आणताच आला.

"मॅडम महिनाअखेर परत येताहेत कामावर," तो म्हणाला. "मग मी माझ्या जुन्या हॉस्पिटलला. घरही तिकडेच आहे. इथून बसने अर्धा दिवस लागतो."

"अच्छा," मी म्हटलं. हातातला रुमाल एकाच काचेवर फिरत राहिला. "आणि चष्मा वाकला तर?"

"तिकडेही असतीलच की चष्मेवाले."

"असतील ना. शेकड्याने असतील!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी एवढी का तापले, हे त्या शहाण्याला समजेना.

दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांकडून इंजेक्शन घेतलं. हट्टालाच पेटले होते. त्यानेच मला सांगितलं होतं ते काम कसं करतं. नसेचं टोक स्नायूला चिकटलेलं नसतं, मध्ये बारीकशी फट असते. हुकूम आला की नस त्या फटीत रसायन सोडते, ते पलीकडे पोचलं की स्नायू आखडतो. इंजेक्शन ते रसायन सुटूच देत नाही. हुकूम येतो आणि दारात बसून राहतो. तीनचार महिन्यांनी असर उतरला की परत पहिले पाढे.

चारपाच दिवसांत डोळा शांत झाला. मी आरशात हसून बघितलं. डावा डोळा टक्क उघडा! दोन वर्षांनी मी पहिल्यांदा सगळे दात काढून हसले. बाबांनी मशीन बंद केलं, पडद्यातून माझ्याकडे बघत उभे राहिले आणि मग नाक शिंकरत परत आत गेले.

तो आला तेव्हा मी मुद्दाम त्याच्यासमोर उभी राहून हसले.

"वा," तो म्हणाला. "छान झालंय. डोळा उघडा राहिला." पण तोंड मात्र पडलं.

"आवडलं नाही वाटतं."

"आवडलं की. फार छान दिसतंय. फक्त…"

"फक्त काय? बोला ना."

"हसाल तुम्ही." त्याने चष्मा काढला आणि शर्टाने पुसायला घेतला. या वेळी मी पुसू दिला. "त्या दिवशी दुकानात, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी डोळा मारला होता. मी शाळेत अभ्यासू, कॉलेजात अभ्यासू, आमच्या वाट्याला कुठलं असलं काही. रस्ताभर उडत गेलो मी, वाकडा चष्मा घालून. शिव्या खाल्ल्या होत्या तरी. नंतर कळलं की नसेची चूक होती. ठीक आहे, माझंच चुकलं. पण तो डोळा आता मिटणार नाही म्हटल्यावर… वाटतं काहीतरी."

एवढं बोलून तो निघूनही गेला. मी तोंड उघडून त्याला काही म्हणेपर्यंत रस्त्याच्या पलीकडे पोचला.

त्या संध्याकाळी मी ठरवलं. या माणसाला खराखुरा डोळा मारायचा. शब्दांनी सांगून उपयोग नव्हता, मी समजूत घालतेय असंच त्याला वाटलं असतं. पण डावा डोळा तर इंजेक्शनने झोपवलेला. राहिला उजवा. आणि उजवा मला जन्मात कधी मारता आला नव्हता.

चष्म्यांच्या दुकानात आरशांना तोटा नाही. मी सवड मिळेल तेव्हा समोर उभी राहायचे. उजवा मिट म्हटलं की दोन्ही मिटायला बघायचे. नाक वर जायचं, ओठ वाकडा व्हायचा, एकदा तर कान हलला. मेंदूतून हुकूम निघत होता, पण भलत्याच घरी पोचत होता. ही तर धडधाकट बाजू होती, तरी!

"अगंबाई, डोळ्यात काही गेलं का?" आत्या धावत आली.

"नाही ग."

"मग पोटात दुखतंय?"

"आत्या, मी डोळा मारायला शिकतेय."

आत्या स्टुलावर बसली. "त्या स्क्रूवाल्यासाठी?" मी मान हलवली. तिने पदराने तोंड झाकलं आणि खांदे हलेपर्यंत हसली. मग उठून माझी हनुवटी धरली. "एवढी ताकद नको लावूस. तोंड सैल सोड. कुणाची तरी गंमत आठव आणि मग मिट."

महिनाअखेरीला तो निरोप घ्यायला आला. बाबांचं मशीन चालू, आत्या कोपऱ्यात, हातात पेपर, आणि पेपर उलटा.

"एकदा शेवटचा बघून देता का?" त्याने चष्मा पुढे केला. "प्रवासात घसरायला नको."

मी त्याला पहिल्या दिवशीच्याच खुर्चीत बसवलं. दोन्ही हात कानांमागे नेले. खालचा कान, वरचा कान. काडी ठीक होती, काही करायची गरजच नव्हती. तरी मी हात काढले नाहीत. चेहरा वीतभर अंतरावर आणला, शाळेतले मास्तर आठवले, तोंड सैल सोडलं आणि उजवा डोळा मिटला.

नाक जरा वर गेलं असेल. ओठही थोडा गेला असेल. पण डोळा मिटला!

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"हे कधीपासून होतंय?" तो ताडकन उठला. "बसा. बसा आधी. उजवी बाजू पण? भुवया वर करा. गाल फुगवा."

"अहो…"

"दात दाखवा! कानामागे दुखतंय का? चला, हॉस्पिटलात डॉक्टर असतील अजून, आत्ता औषध सुरू केलं तर…"

"अरे, मूर्खा!" मी ओरडले. "डोळा मारतेय मी तुला! मुद्दाम! आठवडाभर शिकतेय!"

मागचं मशीन बंद झालं.

तो तसाच उभा, माझा दंड धरून. "मुद्दाम?"

"मुद्दाम."

"नस नाही?"

"नस माझीच आहे, पण हुकूम मी दिलाय. आणि त्या पहिल्या दिवशी डोळा मिटला ती नसेची चूक असेल, पण हसले होते ती मी होते. तेवढं तुझ्या मशीनला दिसलं नाही." आता थांबण्यात अर्थ नव्हता. "मला आवडतोस तू. वाकडा कान, शर्टाने पुसलेल्या काचा, सगळ्यासकट. आता जा हवं तर तुझ्या बसने."

त्याचे कान लालभडक झाले. मग त्याने दंडावरचा हात काढून माझ्यासमोर धरला, बोटं फाकवून. मी माझी बोटं त्यात अडकवली. आधी टोकं, मग हळूहळू आत, तळव्याला तळवा लागेपर्यंत.

"परत मार ना एकदा," तो म्हणाला. "पहिला नीट बघितला नाही मी. घाबरलो होतो."

मी मारला. त्याने उत्तर दिलं. या वेळी मी त्याला दुकानातून हाकललं नाही.

"अहो स्क्रूवाले," बाबा पडद्याआडून म्हणाले, "बस रविवारीपण असते."

तो दर रविवारी येऊ लागला आणि पुढे इथल्याच हॉस्पिटलात जागा निघाली तेव्हा सगळं सामान घेऊन आला. मधल्या काळात इंजेक्शनचा असर उतरला. हसले की डावा डोळा पुन्हा मिटायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, परत देऊ का? मी म्हटलं, राहू दे सध्या. नवीन गिऱ्हाईक आलं की हसण्याआधी मीच सांगून टाकते, डोळा मिटेल, मनावर घेऊ नका.

त्याला मात्र काही सांगावं लागत नाही. डावा मिटला की तो म्हणतो, हसलीस. उजवा मिटला की चष्मा काढून ठेवतो.